सशाचे चित्र आणि ७५४७०

वाशिमच्या बाजारातून आम्ही गालांना लावायच्या रंगांची एक स्वस्त पेटी आणली. आत चार खण होते. दोन गुलाबी, एक विटकरी आणि एक मोत्यासारखा चकाकणारा. वर्गातल्या मुली पहिल्या तिघांना ‘ब्लश’ आणि चौथ्याला ‘हायलायटर’ म्हणतात. झाकणावर सशाचे चित्र होते. या वस्तूसाठी प्राण्यांवर क्रौर्य झालेले नाही, असा त्याचा अर्थ. मागच्या बाजूला मात्र बारीक अक्षरांत काही आकडे होते : ७७४९१, ७५४७०, ७७०१९, ७७८९१. ते वाचायला आम्हाला भिंग घ्यावे लागले.

हे आकडे रंगद्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतील क्रमांक आहेत. प्रत्येक क्रमांकामागे एक इतिहास आहे. तो समजून घेतला, की झाकणावरचा ससा काय सांगतो आणि काय सांगत नाही हेही कळते.

मातीचा लाल

७७४९१ म्हणजे लोहाचे लाल ऑक्साइड. आपल्याकडे याच रंगाची माती गेरू या नावाने घरोघर माहीत आहे. वाशिमकरांचा या रंगाशी जुना संबंध आहे. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. याच शाखेचा राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे वराहदेवाने कोरवले, हे तेथील शिलालेखावरून कळते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे काम. तिथल्या चित्रकारांनी लाल रंगासाठी गेरूच वापरला. एवढेच नव्हे, तर चेहऱ्याला उठाव यावा म्हणून नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर फिकट रंगाचे स्पर्श दिले. आजच्या चकाकीच्या पुडीचे कामही हेच. १७ क्रमांकाच्या लेण्यात आरसा हाती घेऊन शृंगार करणारी स्त्री आहे. सहल काढाल तेव्हा मुलांना ती जरूर दाखवा.

आज सौंदर्यप्रसाधनांत खाणीतला गेरू घालत नाहीत. त्यात शिसे, आर्सेनिक असू शकते. म्हणून तेच संयुग कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार करतात.

किड्याचा लाल

७५४७० पाशी आम्ही थबकलो. हे कारमाइन, म्हणजे कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळणारा लाल रंग. हा किडा निवडुंगावर वाढतो. माद्या गोळा करून मारतात, वाळवतात आणि त्यांतून कारमिनिक आम्ल काढतात. ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर त्याचे पाण्यात न विरघळणारे रंगद्रव्य बनते. एक किलो वाळलेल्या कोचिनीलसाठी सुमारे दीड लाख किडे लागतात. म्हणजे झाकणावर ससा, आणि आत किडे!

यात फसवणूक आहे असे नाही. ‘क्रौर्यमुक्त’ या शब्दाचा या व्यवसायातला अर्थ ‘प्राण्यांवर चाचणी न केलेले’ एवढाच आहे. ‘प्राणिज घटक नसलेले’ हा वेगळा दावा आहे, आणि तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

किड्यापासून लाल रंग आपल्यालाही नवा नाही. पायांना लावायचा अळता पूर्वी लाखेच्या किड्यापासूनच करीत. कोचिनील मात्र मेक्सिकोतला. सोळाव्या शतकात स्पेनने तो युरोपात नेला आणि त्यावर अमाप पैसा मिळवला. त्या नफ्यावर डोळा ठेवून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून कोचिनील कलकत्त्याला आणला. पण ती जात निघाली वेगळी. तिचा रंग हलका. मात्र तिने इथला एक जातीचा निवडुंग झपाट्याने फस्त केला! तणाचा बंदोबस्त कीटकांकरवी होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले.

किड्याशिवाय गुलाबी रंग मिळतच नाही का? मिळतो, आणि तो विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला परिचित असलेल्या करडईत आहे. करडईच्या पाकळ्यांत पिवळे रंगद्रव्य भरपूर असते आणि लाल कार्थामिन अगदी थोडे, टक्काभरही नाही. जपानमधली पारंपरिक लाली या कार्थामिनचीच. आपल्याकडचा कुसुंबी रंगही त्याचाच. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला, त्यामागून स्वस्त रंगांची रांग लागली आणि करडई केवळ तेलबी म्हणून उरली.

ससा कुठून आला?

आता झाकणावरच्या सशाकडे वळू. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांचे केस रंगवण्याचे एक प्रसाधन विकले जात होते. त्यातल्या रसायनाने एका स्त्रीची दृष्टी गेली, तर दुसरी एक स्त्री दगावली. तेव्हा अशा वस्तूंवर तिथे कायद्याचे नियंत्रणच नव्हते. १९३८ मध्ये कायदा झाला. मग सुरक्षितता मोजायची कशी, हा प्रश्न आला. तिथल्या सरकारी औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ याने १९४४ मध्ये एक पद्धत मांडली. सशाच्या एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा आणि पुढचे काही दिवस दाह, सूज, व्रण यांना गुण द्यायचे. ससा स्वस्त, गरीब स्वभावाचा, मोठ्या डोळ्यांचा. म्हणून त्याची निवड झाली.

विद्यार्थ्यांशी बोलताना ही बाजू गाळू नये असे आम्हाला वाटते. ही चाचणी दुष्टपणातून जन्मली नाही. माणसाचे डोळे वाचवण्याच्या धडपडीतून जन्मली. पण एकदा रूढ झाल्यावर, दुसरा मार्ग शोधण्याची गरज बरीच वर्षे कुणाला वाटली नाही. १९८० मध्ये हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने न्यूयॉर्कमध्ये मोहीम उघडली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी पर्यायी चाचण्यांच्या संशोधनाला पैसा दिला. आज खाटीकखान्यातून मिळालेल्या डोळ्यांचे पारपटल किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींचे थर वापरून पुष्कळशा चाचण्या होतात.

भारतात मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी आली. त्याच वर्षी, परदेशात अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. दक्षिण आशियात हे पाऊल उचलणारा भारत पहिला. याचा ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ साधा आहे. चाचणीवरची बंदी स्वस्त पेटीला आणि महाग पेटीला सारखीच लागू आहे. केवळ सशाच्या चित्रासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. शिवाय नुसते चित्र कुणीही छापू शकतो. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव त्याबरोबर आहे का, हे पाहावे.

चकाकीची किंमत

उरले ७७०१९ आणि ७७८९१. पहिले अभ्रक, दुसरे टायटॅनियम डायऑक्साइड. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवला, की वरून आणि खालून परावर्तित झालेल्या प्रकाशकिरणांचे व्यतिकरण होते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच तत्त्वाने. पूर्वी ही मोतिया झाक माशांच्या खवल्यांपासून मिळवीत. म्हणजे खनिज अभ्रकाने मासे वाचवले.

पण अभ्रक येते कुठून? झारखंड आणि बिहारच्या पट्ट्यात बंद पडलेल्या, बेकायदा खाणींतून लहान मुले अभ्रक वेचतात, खाण ढासळून मुले दगावतात, हे २०१६ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या शोधातून जगापुढे आले. पुढच्या वर्षी काही कंपन्यांनी एकत्र येऊन यावर उपाय करण्यासाठी संस्था स्थापली. तरी पेटीच्या मागचा आकडा पाहून आतले अभ्रक कुणी वेचले हे कळत नाही. सशासाठी चिन्ह आहे. सातवीत असायला हवी होती त्या मुलीसाठी आमच्या पेटीवर कोणतेही चिन्ह नव्हते.

वर्गात करून पाहा

करडईच्या वाळलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून थंड पाण्यात पुन्हा पुन्हा पिळा. पिवळा रंग निघून जाईल. मग त्याच पाकळ्या धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात अर्धा तास ठेवून गाळा. गाळलेल्या द्रावणात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बुडवा आणि थेंब थेंब लिंबाचा रस घाला. बुडबुडे येतील आणि कापड हळूहळू गुलाबी होईल. कार्थामिन अल्कलीत विरघळते आणि आम्लात साक्याच्या रूपाने बाहेर पडते. सोड्यामुळे हात चुरचुरतात म्हणून काडीने ढवळा, आणि हा रंग चेहऱ्याला लावू नका. विकतची पेटीसुद्धा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

आम्हीही तसेच केले. खाज आली नाही, रंगही बरा होता. पेटी आता आमच्या टेबलावर आहे. मुलींना त्या पेटीबद्दल विचारायचे आहे ते एवढेच : मागचे आकडे वाचून तुम्ही ती विकत घ्याल का, आणि घ्याल तर दुकानदाराला कोणता प्रश्न विचाराल?