रोख, उधार आणि हप्ता : नारायणगडाच्या परिसरातील मोबाइल-खरेदीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड हे वारकरी परंपरेत ‘धाकटी पंढरी’ म्हणून प्रसिद्ध असलेले स्थान होय. गडाचे आद्य सत्पुरुष नगद नारायण महाराज या नावाने पूजिले जातात. या नामाची व्युत्पत्ती हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु बाजारातील बोलीत ‘नगद नारायण’ म्हणजे हातोहात मोजून दिलेला रोख पैसा, असाही अर्थ रूढ आहे. आणि ज्या मुलखात हे नाव आदराने उच्चारले जाते त्या मुलखातील कष्टकऱ्यांचा व्यवहार मात्र पिढ्यान्‌पिढ्या उचल, उधारी व हप्ता यांवर चालत आला, हा विरोध अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगा आहे. आज हाच विरोध एका अगदी साध्या वाटणाऱ्या प्रश्नात प्रकट होतो : मोबाइल घ्यावयाचा तर त्याचे मोल कोणत्या रीतीने चुकते केले असता ते सर्वांत स्वस्त पडेल?

या प्रश्नाचे उत्तर केवळ अंकगणितात शोधणे पुरेसे नाही. मोल देण्याच्या पद्धतींना इतिहास असतो, आणि तो इतिहास विचारात घेतल्यावाचून आजच्या पद्धतींतील छुपा खर्च दृष्टीस पडत नाही.

१

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. संस्थानाचे नाणे हाली शिक्का, तर शेजारच्या इंग्रजी मुलखातील नाणे कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा या दोहोंचा ठरीव भाव होता. त्यामुळे सरहद्दीच्या बाजारात वस्तूची किंमत ऐकताच ‘कोणता रुपया?’ असे विचारणे प्राप्तच असे. सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्ष द्यावे लागणारे मोल एकच असेल असे नाही, हा धडा या भागातील ग्राहकास नाण्यांच्या या द्वैताने फार पूर्वीच दिला होता.

दुसरा धडा कर्जाचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि त्याचे लोण बीडला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातही पोहोचले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हस्तगत करून जाळून टाकणे हे या उठावाचे लक्षण ठरले. त्यानंतर १८७९ साली जो दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, त्याचे मर्म असे की रोख्यावर लिहिलेली रक्कम प्रमाण न मानता मुळात किती पैसा दिला गेला व व्याज किती चढविले गेले, याचा तपास करण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दंडक, मुंबई इलाख्यातील न्यायालये आधीपासूनच मानीत होती. दोहोंमागील तत्त्व एकच : ऋणकोला एकूण किती द्यावे लागणार, याला सीमा असावी आणि ते उघड असावे.

तथापि कायद्याने सावकारीची गरज नाहीशी झाली नाही. रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत १९५१-५२ साली असे आढळले की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज व्यावसायिक व शेतकरी सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. सावकार महाग होता, परंतु तो गावात होता आणि गरजेच्या वेळी पैसा देत होता. स्वस्त कर्ज आणि वेळेवर मिळणारे कर्ज यांतील हा भेद पुढील विवेचनातही महत्त्वाचा आहे.

२

वस्तू आधी घरी न्यावी व तिचे मोल पुढे थोडेथोडे द्यावे, ही हप्त्याची आधुनिक रीत अमेरिकेतील सिंगर कंपनीने १८५० नंतरच्या दशकात शिवणयंत्रांच्या विक्रीतून लोकप्रिय केली. भारतात या व्यवहाराचे नियमन करण्यासाठी १९७२ साली भाडेखरेदी कायदा संमत झाला. करारपत्रात वस्तूची रोख किंमत आणि हप्त्याने पडणारी किंमत ही दोन्ही वेगवेगळी लिहावीत, असे त्यात सांगितले होते. दुर्दैवाने हा कायदा कधीच अंमलात आला नाही व पुढे तो रद्दही झाला. १८७९ च्या कायद्यातील जो विचार रोख्याला लागू होता, तोच दुकानातील वस्तूला लागू करण्याची ही संधी अशा रीतीने हुकली.

३

भारतात मोबाइल दूरध्वनीचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. प्रारंभी जाणाऱ्या व येणाऱ्या अशा दोन्ही संभाषणांसाठी ग्राहकास पैसे मोजावे लागत. त्यामुळे यंत्र परवडले तरी त्याचा वापर परवडत नसे. येणारे संभाषण विनामूल्य झाले ते २००३ सालच्या मे महिन्यापासून. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये आरंभी घेऊन यंत्र देण्याची व उरलेले मोल हप्त्यांनी घेण्याची योजना आणली. हे यंत्र त्याच कंपनीच्या जाळ्याशी बांधलेले होते. त्यात बदलता येण्याजोगे सिमकार्ड नव्हते. २०१७ साली आलेल्या जिओफोनसाठी १५०० रुपये अनामत ठेवून तीन वर्षांनंतर ती परत मिळण्याची योजना होती. तेही यंत्र एकाच जाळ्यावर चाले.

या दोन्ही योजनांनी दूरध्वनी सामान्य माणसाच्या हाती पोहोचविला, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य नि:संशय मोठे आहे. परंतु आरंभी कमी पैसा देण्याचा मोबदला ग्राहक दुसऱ्या रूपाने देत होता, आणि ते रूप म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचे स्वातंत्र्य. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून झाली. तोवर क्रमांक हेही एक बंधनच होते. स्वस्ताईचा हिशेब मांडताना या बंधनाचे मोल धरले पाहिजे.

४

आता आजच्या दुकानातील व्यवहार पाहू. समजा, एका मोबाइलची छापील विक्री-किंमत १२,००० रुपये आहे. रोखीने घेणाऱ्यास दुकानदार ६०० रुपये सूट देतो. म्हणजे त्यास ११,४०० रुपये पडतात. हप्त्याने घेणाऱ्यास ‘बिनव्याजी’ म्हणून दरमहा १,००० रुपयांचे बारा हप्ते सांगितले जातात, सूट मिळत नाही, व प्रक्रिया शुल्क म्हणून कर धरून ५९० रुपये आरंभीच द्यावे लागतात. त्याची एकूण रक्कम १२,५९० होते. अंतर ११९० रुपयांचे. कर्ज दरमहा फिटत जात असल्यामुळे वर्षभरातील सरासरी कर्ज मूळ रकमेच्या निम्म्याच्या आसपास असते; ते लक्षात घेता या ‘बिनव्याजी’ व्यवहाराचा वार्षिक दर सुमारे २० टक्के पडतो. व्याज नाहीसे झालेले नाही. ते न दिलेल्या सुटीत व शुल्कात जाऊन बसले आहे. सावकार कर्ज देतानाच काही रक्कम कापून घेई व रोखा पूर्ण रकमेचा लिहून घेई, त्याहून हे तत्त्वतः निराळे नाही.

रिझर्व्ह बँकेनेही २०१३ सालच्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत सर्व आकारांसह वार्षिक दर सांगणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक झाले. १८७९ साली रोख्यामागील खरा हिशेब पाहण्याचा जो अधिकार न्यायाधीशास मिळाला, तो जणू दीडशे वर्षांनी ऋणकोच्याच हाती आला. मात्र हे पत्रक वाचले गेले तरच त्याचा उपयोग.

हप्त्याला आणखी एक पर्याय गावोगावी परिचित आहे, तो भिशीचा. बारा जणांनी दरमहा हजार रुपये घातले तर ज्याची चिठ्ठी आधी निघेल त्यास बिनव्याजी कर्ज मिळते, व ज्याची शेवटी निघेल त्याची सक्तीची बचत होते. बोली लावून चालणाऱ्या भिशीत मात्र घाई करणाऱ्यास सूट सोडावी लागते, आणि तेथे व्याज पुन्हा प्रवेश करते.

५

वरील हिशेबावरून ‘रोख तेच स्वस्त’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. नारायणगडाच्या परिसरात मात्र तो अपुरा ठरतो. मासिक हप्ता ही मासिक वेतनदारासाठी घडलेली रीत आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचे उत्पन्न महिन्यावारी येत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते, मग पतीपत्नींचा ‘कोयता’ कारखान्याच्या मुलखात सुमारे पाच-सहा महिने राबतो, आणि मजुरीतून उचल वळती होते. ती न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर जाते. अशा कुटुंबाचा महिन्याचा हप्ता चुकण्याचा संभव अधिक. व चुकल्यास दंडाची भर पडून वरील २० टक्क्यांचा दर आणखी चढतो.

परंतु तेच कुटुंब उचलीच्या पैशातून मोबाइल रोखीने घेते तेव्हा ती रोखही खऱ्या अर्थाने नगद नसते. दुकानदाराच्या दृष्टीने ती रोख होय. मजुराच्या दृष्टीने ते कर्जच, आणि ते पैशाने नव्हे तर उसाच्या फडातील श्रमाने फेडावयाचे. गावी राहिलेल्या मुलांशी व म्हाताऱ्या माणसांशी बोलण्याचे साधन म्हणून हे यंत्र त्या कुटुंबास चैनीचे नव्हे, गरजेचे असते. म्हणूनच त्याची खरी किंमत किती, हा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक गंभीर ठरतो.

सारांश, मोल देण्याची सर्वांत काटकसरीची रीत ठरविताना तीन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत : शेवटचा पैसा दिल्यावर होणारी एकूण रक्कम, पैसा हाती येण्याचा काळ, आणि त्या व्यवहाराने येणारे बंधन. हाली-कलदाराच्या काळी ‘कोणता रुपया?’ हा प्रश्न विचारल्यावाचून सौदा होत नसे. आज रुपया एकच आहे. परंतु तो कमावलेला आहे की उचललेला, हा प्रश्न शिल्लक आहे, आणि मजुराच्या दृष्टीने स्वस्ताईचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.