घणांचे गाव आणि शिरस्त्राणाआडचे चेहरे

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेल्या बर्मिंगहॅम शहरातील ॲस्टन ही कामगारांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बाँबफेकीच्या खुणा अंगावर वागवीत ती उभी होती, आणि रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यांतील घणांचे ठोके तेथील मुलांना पाळण्यातच ऐकू येत. 1948 आणि 1949 या दोन वर्षांत जन्मलेली जी चार मुले या वस्तीत वाढली, त्यांच्या हातून पुढे हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा पाया घातला गेला. त्यांचे चरित्र सांगू लागलो की पहिली काही पाने गाण्याबजावण्याची न होता मजुरीचीच होतात. ओझी ऑस्बर्नचे वडील कारखान्यात रात्रपाळीस हत्यारे घडवीत. स्वतः ओझी काही काळ खाटीकखान्यात राबला, काही काळ मोटारींच्या भोंग्यांचा आवाज जुळवीत बसला, आणि अखेर एका घरफोडीत सापडल्यावर दंड भरण्याची ऐपत नसल्यामुळे विन्सन ग्रीनच्या तुरुंगात सहा आठवडे राहून आला. गीझर बटलर हिशेबनिसाच्या कामाची उमेदवारी करीत होता. बिल वॉर्ड ड्रम वाजवी. चौथा टोनी आयोमी. त्याची हकीकत मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. वय अवघे सतरा. एका वाद्यवृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जाण्याचे ठरलेले आणि नोकरीचा तो अखेरचा दिवस. दुपारी जेवायला घरी आल्यावर पुन्हा कामावर जाऊच नये असे त्याच्या मनात आले होते. परंतु अंगावर घेतलेले काम पुरे करूनच मोकळे व्हावे असा आईचा आग्रह पडला आणि तो परतला. पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरील कामगार त्या दिवशी गैरहजर होता, म्हणून ते यंत्र कसे चालवावे याची काडीइतकी माहिती नसलेल्या या मुलास तेथे उभे करण्यात आले. यंत्राचा दाब उजव्या हातावर आला, त्याने हात झटक्याने मागे ओढला, आणि मधले बोट व अनामिका यांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचे काम याच हाताचे. तेव्हा वादक म्हणून त्याचे आयुष्य संपले असेच डॉक्टरांचे मत पडले.

अशा वेळी त्या कारखान्याचा मुकादम एक ध्वनिमुद्रिका घेऊन त्याच्या घरी आला. ती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची होती. 1928 साली आगीत होरपळून ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, आणि तरीही 1934 पासून पॅरिसच्या हॉट क्लबमधील आपल्या पंचकाबरोबर ज्याने साऱ्या युरोपास थक्क केले, असा हा वादक. आयोमीने ती तबकडी ऐकली आणि कामास लागला. भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने तिच्या लहान गोळ्या केल्या, तापलेल्या टोकाने त्यांत बोट शिरेल एवढी भोके पाडली, त्या घासून घासून अंगुस्तानासारख्या टोप्या तयार केल्या, आणि तारेवर पकड बसावी म्हणून त्यांवर जुन्या चामडी जाकिटाचे तुकडे चिकटविले. नेहमीच्या जाड तारा या टोप्यांखाली दबेनात, म्हणून त्याने बॅन्जोच्या बारीक तारा चढविल्या. पुढे 1971 सालच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेत तर तारा तीन अर्धस्वर खाली उतरवून सैल केल्या. त्या सैल तारांतून निघालेला जो खर्जातला, जड, दाटून आलेला नाद, तोच पुढच्या पन्नास वर्षांत जगभरच्या हेवी मेटल वादकांनी आपला मानला. पॅरिसच्या संगीताचे बर्मिंगहॅमवर एवढे एक ऋण आहे, आणि ते मुकादमाच्या हातून पोचले, याचे मला फार अप्रूप वाटते.

‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव धारण करून या चौघांनी ऑक्टोबर 1969 मध्ये लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहात अवघ्या एका दिवसात आपली पहिली ध्वनिमुद्रिका पुरी केली. ती 13 फेब्रुवारी 1970 रोजी बाहेर पडली. त्याच वर्षी आलेली ‘पॅरॅनॉइड’ ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. समीक्षकांनी नाके मुरडली, श्रोत्यांनी मात्र गर्दी केली. परंतु कारखाना सोडून आलेल्या या मुलांबरोबर कारखान्याची रीतही मुकाट्याने चालत आली होती: घाम गाळावा कामगाराने आणि जमाखर्चाची वही राहावी दुसऱ्याच्या कुलुपात. मोटारी मिळत, घरे मिळत, हवे तेव्हा हातखर्चास पैसा मिळे. मात्र आपल्या नावावर नेमके काय आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाही सांगता येत नसे. ज्याने हिशेबनिशीची उमेदवारी केली होती त्या बटलरलाही ते सांगता येत नव्हते, ही गोष्ट मनाला लागते. वही उघडण्याची वेळ आली तेव्हा व्यवस्थापकांशी कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, आणि 1975 साली ‘सॅबटाज’ ही ध्वनिमुद्रिका तयार होत असताना वकील थेट ध्वनिमुद्रणगृहात कागदपत्रे बजावावयास येऊ लागले. त्या संचातील ‘द रिट’ हे गीत या फिर्यादींच्या संतापातूनच जन्मले. 1979 मध्ये ऑस्बर्नला संघातून काढून टाकण्यात आले. आणि त्यानंतर तीस वर्षांनी, 2009 साली, ‘ब्लॅक सॅबथ’ या नावाची मालकी कोणाची, यावरून त्याने आयोमीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. ज्यांनी मिळून एक संगीत घडविले त्या मित्रांना त्याच्या नावाची वाटणी मात्र न्यायालयाच्या दारात करावी लागली.

आता पॅरिसकडे वळू. 1987 साली लिसे कार्नो या शाळेत तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो या दोन मुलांची गाठ पडली. ॲस्टनच्या मुलांशी यांची तुलना करताना आर्थिक स्थितीचा भेद तर ध्यानी घ्यावाच, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बांगाल्तेरला संगीताचा व्यवसाय घरातच पाहावयास मिळाला होता. त्याचे वडील दान्येल व्हांगार्द या नावाने गीते रचीत आणि ध्वनिमुद्रिका काढीत. ओतावान या जोडीने गाजविलेले ‘डी. आय. एस. सी. ओ.’ हे त्यांच्याच कारखान्यातले. त्याच जोडीचे ‘ते ओके’ हे त्यांचे दुसरे गीत आपल्याकडे वेगळ्याच वेषाने आले: 1982 सालच्या ‘डिस्को डान्सर’ या मुंबईच्या चित्रपटात बप्पी लाहिरी यांनी त्याच्या चालीवर ‘जिमी जिमी’ बांधले, आणि गणेशोत्सवाच्या मांडवांपासून लग्नाच्या वरातींपर्यंत ते आपण सर्वांनी ऐकले. फ्रेंच हाउस नावाच्या नाचाच्या संगीतातील सर्वांत ख्यातनाम वादकाच्या घरातला सूर महाराष्ट्राच्या कानांवर त्या वादकाआधी पंधरा वर्षे पडून गेला होता. व्हांगार्द केवळ चाली बांधणारे गृहस्थ नव्हते. जर्मन अंमलाच्या काळात ज्यू संगीतकारांच्या हक्काच्या रकमांचे काय झाले, याचा जाब त्यांनी फ्रान्समधील स्वामित्वधन वसूल करणाऱ्या संस्थेला उघडपणे विचारला होता. अशा बापाच्या मुलाला दस्तऐवज वाचण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागले नसावे.

या दोघांनी प्रथम गिटारींचा ‘डार्लिन’ नावाचा संघ काढला. एका इंग्लिश साप्ताहिकाने त्याची हेटाळणी केली. त्या हेटाळणीतलेच दोन शब्द उचलून त्यांनी ‘डाफ्ट पंक’ हे नाव घेतले आणि गिटारी बाजूस ठेवून ठोक्याची यंत्रे व सॅम्पलर हाती धरले. ग्लासगोच्या सोमा या लहान संस्थेने त्यांच्या पहिल्या तबकड्या काढल्या. 1996 मध्ये व्हर्जिन ही बलाढ्य कंपनी पुढे आली, तेव्हा विशीतल्या या तरुणांनी जो करार केला तो माझ्या मते त्यांच्या कोणत्याही गीताइतकाच अभ्यासनीय आहे. मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्यांनी आपल्याच कंपनीकडे राखली आणि व्हर्जिनला ती विकण्याचा केवळ परवाना दिला. जमीन आपली, मक्ता तेवढा दुसऱ्याचा. हे साधले, याचे एक कारण तांत्रिकही होते. जानेवारी 1997 मध्ये आलेली ‘होमवर्क’ ही ध्वनिमुद्रिका बव्हंशी बांगाल्तेरच्या निजण्याच्या खोलीतच तयार झाली होती. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे, तंत्रज्ञांचा पगार आणि त्यासाठी कंपनीकडून घ्यावी लागणारी उचल, या साखळीत ते अडकलेच नव्हते. उचल घेणाऱ्या ऊसतोड कामगारास मुकादमाशी भाव ठरविता येत नाही, आणि वादकाचेही तेच आहे.

या संगीताकडे फ्रेंच सरकार मात्र आरंभी संशयानेच पाहत होते. 1995 साली गृहखात्याने एक परिपत्रक काढून रात्रीच्या रेव्ह मेळाव्यांस अतिशय धोकादायक ठरविले, आणि त्याच्या आधारे ठिकठिकाणी मनाई हुकूम निघाले. तीन वर्षांनी, 1998 मध्ये, पॅरिसच्या रस्त्यांतून पहिली टेक्नो मिरवणूक राजरोस निघाली. लंडनच्या फ्रेंच वकिलातीत सेवक म्हणून राबलेला, मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबात तबकड्या लावावयास शिकलेला आणि पुढे पॅरिसच्या रेक्स क्लबाचा आधारस्तंभ झालेला लोराँ गार्निये याला 2017 मध्ये लेजियाँ द’ऑनर हा राष्ट्राचा बहुमान मिळाला. ज्या पेशावर दोन दशकांपूर्वी पोलिसांची नजर होती, त्याच पेशाला दरबारी मानाचे पान मिळाले. आणि दोन्ही हुकूम एकाच राज्याच्या दप्तरातून निघाले.

डाफ्ट पंकने आपला चेहराही विकला नाही. 2001 सालच्या ‘डिस्कव्हरी’पासून ते यंत्रमानवांची शिरस्त्राणे घालून वावरले, आणि मुलाखती, छायाचित्रे यांच्या बाजारात त्यांचे खाजगी आयुष्य कधी मांडले गेले नाही. याउलट ऑस्बर्नचा चेहरा, त्याचे कुटुंब, त्याचे व्यसन आणि त्याचे आजारपण या सर्वांचा दूरचित्रवाणीवर मालिका करून व्यापार झाला. त्याने पैसा मिळाला हे खरे, परंतु त्या मनुष्यापाशी स्वतःचे असे काय उरले असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते ‘जस्टिस’ या पॅरिसच्या दुसऱ्या एका जोडीत. गास्पार ओजे आणि झाव्हिये द रोने हे मूळचे आरेखनकार. डाफ्ट पंकचाच व्यवस्थापक पेद्रो विंटर याने 2003 साली एड बँगर ही ध्वनिमुद्रिका संस्था काढली होती, आणि तिच्या छत्राखाली त्यांनी 2007 मध्ये जी पहिली ध्वनिमुद्रिका आणली तिचे नाव म्हणजे केवळ एक क्रूसाचे चिन्ह होते. व्यासपीठावर मध्ये उजळलेला क्रूस आणि दोन्ही बाजूंस मार्शल ध्वनिवर्धकांच्या भिंती: सारा थाट हेवी मेटलचा, आणि त्यामधून निघे तो हाउसचा ठेका, परंतु इतका खरखरीत आणि फाटलेला की पत्र्याच्या कारखान्याचीच आठवण व्हावी. हे मिश्रण नुसते नक्कल म्हणून सोडून देणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. नाचाच्या संगीतात जड नादाला जागा असते, हे त्यांनी सिद्ध केले.

26 जानेवारी 2014 रोजी लॉस एंजल्समध्ये ग्रॅमी पारितोषिके दिली गेली, तेव्हा वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा मान डाफ्ट पंकच्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ला मिळाला, आणि मेटलचे पारितोषिक ब्लॅक सॅबथच्या ‘गॉड इज डेड?’ या गीताला. यंत्रांवर वाढलेल्या पॅरिसकरांनी या संचासाठी नाइल रॉजर्ससारखे हाडामांसाचे वादक ध्वनिमुद्रणगृहात बोलाविले होते. ब्लॅक सॅबथच्या संचात मात्र त्यांचा मूळ ड्रमवादक नव्हता. सही करण्याजोगा करार आपल्यापुढे ठेवला गेला नाही, असे सांगून बिल वॉर्ड 2012 सालीच बाजूस झाला होता. 5 जुलै 2025 रोजी ॲस्टनमधीलच व्हिला पार्कच्या मैदानावर चौघे अखेरचे एकत्र वाजले. तेथे वॉर्ड आपल्या जागी बसला होता, आणि त्या कार्यक्रमाचे उत्पन्न कंपवाताच्या संशोधनाला व बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाला आणि मुलांच्या शुश्रूषागृहाला जावयाचे होते. त्याच महिन्याच्या 22 तारखेस ऑस्बर्न वारला.

परंतु पॅरिसच्या कराराची स्तुती करणाऱ्याने त्या बाजूची एक नोंद वाचलीच पाहिजे. फ्रेंच हाउस हे बहुतांशी जुन्या डिस्को तबकड्यांतील तुकडे कापून, उलटेपालटे करून, पुन्हा जोडून उभे राहिलेले संगीत आहे. ‘वन मोअर टाइम’ या डाफ्ट पंकच्या जगप्रसिद्ध गीतातील शिंगांचा तो उल्हासित पुकारा एडी जॉन्स या गायकाच्या 1979 सालच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ या गीतातून घेतलेला आहे. डाफ्ट पंक त्याचे स्वामित्वधन देत आले होते; मात्र ते जाई त्या जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या कंपनीच्या नावे होते तिच्याकडे. ज्याच्या नावाने ती तबकडी निघाली होती त्या गायकाला वीस वर्षांत त्यातले काही मिळाले नव्हते, हे 2021 साली एका अमेरिकन दैनिकाने त्याचा माग काढला तेव्हा उघड झाले.