नेटवर्क मार्केटिंग : माणसे जोडण्याआधी माल विकण्याची विद्या

बेळगावच्या खानापूर रस्त्यालगतची उद्यमबाग ही ओतकाम आणि यंत्रकामाची वसाहत. येथे घडणारा सुटा भाग मापाला उतरला तरच गिऱ्हाईक पुढची ऑर्डर देते. माल नापास झाला तर कितीही गोड भाषण केले तरी तो खपत नाही. अशा वसाहतीत पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराला एखादा ओळखीचा माणूस ‘फावल्या वेळेतला जोडधंदा’ म्हणून नेटवर्क मार्केटिंग सुचवतो. बेळगावात असो वा चोर्ला घाटाच्या अलीकडे गोव्यात, हे निमंत्रण बहुतेक घरांपर्यंत पोहोचलेले असते. ते स्वीकारण्यापूर्वी कारखान्यातला तोच नियम येथेही लावून पाहावा : माल वापरणारा माणूस तो पुन्हा मागेल काय?

दोन वाटा, एक नाव

नेटवर्क मार्केटिंगमध्ये वितरकाला दोन मार्गांनी पैसे मिळतात. एक, त्याने स्वतः विकलेल्या मालावरचा नफा. दुसरा, त्याने जोडलेल्या वितरकांच्या विक्रीवरचे कमिशन. जोवर दोन्हींचा उगम मालाच्या विक्रीत आहे, तोवर हा व्यापार आहे. परंतु नवा सभासद आणला म्हणूनच पैसे मिळू लागले, की त्याची पिरॅमिड योजना होते. वरवर पाहता दोन्हींची सभा, चकचकीत पुस्तिका आणि यशोगाथा सारख्याच दिसतात. फरक कळतो तो हिशेबातून.

समजा, प्रत्येकाने फक्त पाच माणसे जोडायची आहेत. पहिल्या पायरीवर ५, दुसऱ्या पायरीवर २५, तिसऱ्या पायरीवर १२५. आठव्या पायरीपर्यंत मूळ माणसासह एकूण ४,८८,२८१ सभासद होतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. म्हणजे तान्ह्या मुलांसह जवळजवळ सारे शहर सभासद झाले. नवव्या पायरीला आणखी १९,५३,१२५ माणसे लागतील आणि त्याच जनगणनेनुसार साऱ्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आठव्या पायरीवर साखळी थांबली, तर तिच्यातील दर पाचांपैकी चौघे शेवटच्या पायरीवर उभे असतात आणि त्यांच्याखाली कोणीच नसते. त्यांच्या अपयशाचे कारण आळस नव्हे, अंकगणित असते. म्हणून केवळ ‘माणसे जोडण्याचे कौशल्य’ शिकून यश मिळत नाही. शिकावी लागते ती विक्रीची विद्या.

प्रात्यक्षिकाचा धडा

या विद्येचे जुने उदाहरण अमेरिकेतील टप्परवेअरचे आहे. अर्ल टप्पर यांनी १९४० च्या दशकात हवाबंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे बाजारात आणले. पण दुकानांतून ते अपेक्षेप्रमाणे विकले गेले नाहीत. झाकण दाबून हवा कशी काढायची, हे गिऱ्हाइकाला सांगणारे तेथे कोणी नव्हते. ब्राउनी वाइज यांनी घरगुती मेळाव्यांतून बायकांना ते प्रत्यक्ष करून दाखवले आणि विक्री इतकी वाढली, की १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेऊन घरगुती विक्रीचाच मार्ग धरला. जो माल दाखवल्यावाचून कळत नाही, त्याला थेट विक्री उपकारक ठरते. जो माल कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच दर्जाचा आणि निम्म्या किमतीत मिळतो, त्याला कोणतेही प्रशिक्षण तारू शकत नाही.

शिकण्याजोगी चार कौशल्ये

पहिले, मालाचे ज्ञान. घटक, किंमत, वापराची रीत आणि मर्यादा सांगता आल्या पाहिजेत. आरोग्यपूरक उत्पादनांबाबत तर जिभेवर विशेष ताबा हवा. मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करण्यास १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मनाई करतो. अशा शब्दावर विसंबून कोणी चालू औषध बंद केले, तर गमावले जाते ते केवळ गिऱ्हाईक नव्हे.

दुसरे, ऐकणे. समोरच्याची गरज विचारावी, ती नसेल तर उठून यावे. नकार सन्मानाने स्वीकारणाऱ्या विक्रेत्याला दुसऱ्यांदा दार उघडले जाते.

तिसरे, पाठपुरावा. माल दिल्यावर आठवडाभराने अनुभव विचारणे, तक्रार असल्यास परतीची सोय करून देणे, गिऱ्हाइकाची नोंद वहीत ठेवणे, ही कामे कंटाळवाणी खरी. पण पुनर्खरेदी त्यांतूनच येते.

चौथे, हिशेब. महिन्याला ८,००० रुपयांची विक्री आणि २० टक्के नफा धरला तर हाती १,६०० रुपये येतात. त्यातून पेट्रोलचे ५००, फोन व चहापाण्याचे २०० आणि ‘पात्रता’ टिकवण्यासाठी गरज नसताना स्वतःच घेतलेल्या मालाचे १,००० रुपये वजा केले, तर १०० रुपये तोटाच उरतो. खर्ची पडलेल्या संध्याकाळी यात धरलेल्याच नाहीत. सभेत दाखवतात तो धनादेशाचा आकडा. घरी मोजायची ती शिल्लक.

कायद्याचे कुंपण

पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांवर देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. त्याखेरीज २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम अधिसूचित झाले. त्यांनुसार कंपनीला पिरॅमिड योजना चालवता येत नाही व सामील होण्यासाठी प्रवेशशुल्क घेता येत नाही. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये. आरंभीच स्वतःची, कंपनीची व भेटीच्या हेतूची खरी ओळख द्यावी. किंमत आणि परतीच्या अटी स्पष्ट सांगाव्यात. ‘सहज भेटायला आलो’ म्हणत पाहुण्यांच्या घरी योजना उलगडणे हे या नियमांच्या विरुद्ध ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

सामील होण्यापूर्वीची कसोटी

स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्या माझ्याखाली एकही माणूस आला नाही, तरी केवळ माल विकून मला शिल्लक राहील काय? उत्तर ‘होय’ असेल तर वरील कौशल्ये शिकण्यास अर्थ आहे आणि ती पुढे कोणत्याही व्यापारात उपयोगी पडतील. उत्तर ‘नाही’ असेल, तर विकला जाणारा माल म्हणजे आपलेच भाऊबंद, शेजारी आणि पाळीतले सोबती होत. बुडालेले भांडवल ओव्हरटाइम करून भरून काढता येते. मेहुण्याने फोन उचलणे बंद केले, तर ते नुकसान कोणत्याही कमिशनने भरून येत नाही.