उंबरठ्यावरील प्रतिज्ञापत्र

१८७२ साली ब्रिटिश हिंदुस्थानात विवाहाचा एक नवा कायदा झाला. त्या वर्षीचा तिसरा कायदा म्हणून त्याचा उल्लेख होतो. या कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्या स्त्रीपुरुषांना निबंधकासमोर लिहून द्यावे लागे की आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही. मगच दार उघडे. ज्या ब्राह्मो समाजाच्या आग्रहातून हा कायदा आला, त्यातच यावरून दुफळी माजली. केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना ही अट चालली. देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या आदि ब्राह्मो समाजाला चालली नाही. सुधारणा आम्हांला हवी आहे, परंतु त्यासाठी 'आम्ही हिंदू नाही' असे का म्हणावे, हा त्यांचा प्रश्न होता.

समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळावी की नाही, या आपल्याकडील वादाचा विचार करताना आम्हांला पुन:पुन्हा या प्रतिज्ञापत्राची आठवण होते. हा वाद 'धर्म विरुद्ध आधुनिकता' अशा सोप्या चौकटीत मांडण्याची सवय आपल्याला जडली आहे. एका बाजूस धर्ममार्तंड, दुसऱ्या बाजूस संविधान. मग आपापल्या प्रकृतीनुसार कोणती तरी बाजू घ्यायची आणि मोकळे व्हायचे. पण भारतातील विवाहविषयक कायद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचला, तर ही चौकट टिकत नाही. तेथे दिसते ते निराळेच. रूढीबाहेरचे लग्न करू पाहणाऱ्यांना राज्यसंस्थेने दर वेळी सांगितले की धर्माच्या अंगणातून बाहेर या, तुमच्यासाठी बाजूने एक दार काढले आहे. आणि माणसे मात्र दर वेळी अंगणातच मांडव घालायचा हट्ट धरीत आली.

याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते? १८७२ चा कायदा होऊन पुरते दोन वर्षे झाली नव्हती, तोच २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लागला. ब्राह्मण पुरोहित नाही, संस्कृत मंत्र नाहीत. वधूवरांनीच एकमेकांना वचने द्यायची. जोतीराव फुले यांनी पुढे १८८७ साली या पद्धतीची मंगलाष्टके व पूजाविधी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जोतीरावांनी विधी टाकला नाही, तो नव्याने रचला. निबंधकाच्या कचेरीत जाऊन 'आमचा कोणताही धर्म नाही' असे लिहून देण्यापेक्षा, धर्म म्हणजे काय हेच पुन्हा ठरवण्याचा अधिकार त्यांनी सामान्य माणसाच्या हाती दिला. साहजिकच पुरोहितवर्ग आपल्या परंपरागत हक्कांसाठी न्यायालयात गेला. तामिळनाडूतील स्वाभिमान चळवळीच्या लग्नांची कथाही अशीच. पेरियार यांच्या प्रेरणेने पुरोहिताविना लागलेल्या या विवाहांना कायद्याच्या दृष्टीने दशकानुदशके अस्तित्व नव्हते. अण्णादुराई यांच्या सरकारने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यातच दुरुस्ती करून त्यांना, जुन्या लग्नांसह, वैध ठरवले. आधी मांडव, मागाहून कायदा, असा हा क्रम आहे.

इतिहासात डोकावताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. विवाहसुधारणेला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद बहुतेक वेळा 'हे पाप आहे' असा नव्हता; 'हे ठरवणारे तुम्ही कोण?' असा होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा केले, तेव्हा टिळकांनी केलेल्या विरोधाचा भर परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये यावर होता. हिंदू कोड बिलाच्या वेळी सरकार परके नव्हते. तेव्हा म्हटले गेले की ही संसद हंगामी आहे, प्रौढ मतदानाने निवडून आलेली नाही. एवढा मोठा बदल करण्याचा तिला अधिकार नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांचाही आक्षेप याच जातीचा होता. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. २०२३ साली समलिंगी विवाहाच्या सुनावणीत हाच प्रश्न तिसऱ्यांदा उभा राहिला: हे न्यायालयाने ठरवायचे की संसदेने? प्रश्न गैर आहे असे आमचे म्हणणे नाही. लोकशाहीत तो विचारलाच पाहिजे. परंतु परके सरकार नको, हंगामी संसद नको आणि न्यायालयही नको, अशी ही मालिका एकत्र वाचली की योग्य अधिकारी कधीच जागेवर सापडत नाही, एवढे तरी नोंदवावे लागते.

आता मूळ विषयाकडे वळू. भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम १८६० चे. त्याची मुळे मेकॉलेच्या मसुद्यात आणि त्यामागील इंग्लंडच्या ख्रिस्ती नीतिविचारात होती. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या खाजगी, संमतीच्या संबंधांपुरते ते रद्दबातल ठरवले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी उद्बोधक आहे. तीत एक ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, ख्रिस्ती संघटना होत्या. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभी न राहणारी मंडळी साम्राज्याने दिलेल्या एका कलमाच्या रक्षणासाठी एका रांगेत उभी राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचा जय झाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. विशेष म्हणजे आपली परंपरा वेगळी होती हे सांगण्यास धार्मिक वर्तुळेही मागे राहिली नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची कथा सांगून असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत असे म्हटले. दोनच महिन्यांनी संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह मात्र स्त्री आणि पुरुष यांचाच, अशी भूमिका मांडली. राहण्यास हरकत नाही, लग्नास आहे. अंगण आणि उंबरठा यांत केलेला हा भेद आहे.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली, तेव्हा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आरंभीच स्पष्ट केले की व्यक्तिगत, म्हणजे धर्माधारित कायद्यांत आपण शिरणार नाही. विचार फक्त १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरता होईल. हा १९५४ चा कायदा म्हणजेच १८७२ च्या त्या दाराची सुधारलेली आवृत्ती. मधल्या काळात, १९२३ साली, हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना परस्परांत लग्न करताना धर्म नाकारण्याची अट राहिली नाही. पण त्याची किंमत होती: असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून तुटलेला समजला जाई, आणि त्याच्या बापाला दुसरा मुलगा हयात नसेल तर त्याला नवा दत्तक घेण्याची मुभा होती. जिवंत मुलाचे श्राद्ध घालण्याचाच हा प्रकार! १९५४ मध्ये प्रतिज्ञापत्र पूर्णपणे गेले. तीस दिवसांची जाहीर नोटीस आली.

म्हणजे २०२३ चे याचिकाकर्ते शहाणपणाने त्याच बाजूच्या दाराशी उभे होते. धर्माला धक्का लागणार नाही, पुरोहित, मौलवी, पाद्री कोणालाही काही करावे लागणार नाही, आम्हांला केवळ निबंधकाची सही द्या, एवढेच मागणे. जमियत उलेमा-ए-हिंदसारख्या संघटनांनी तरीही विरोध नोंदवला. केंद्र सरकारने भारतीय कुटुंबसंस्थेचा हवाला दिला आणि ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे सांगितले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. न्या. चंद्रचूड आणि न्या. कौल यांना सहजीवनाच्या नात्याला राज्यसंस्थेने ओळख द्यावी असे वाटत होते, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांच्या बहुमताने तेही नाकारले. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

बहुमताची एक अडचण आम्हांला खरोखरच विचार करण्याजोगी वाटते. विशेष विवाह कायद्यातील 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द बदलून चालणार नव्हते, कारण तो कायदा इतर अनेक कायद्यांत गुंतलेला आहे. या गुंतागुंतीतील सर्वांत बोलका धागा १९७६ चा आहे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ठरले की वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील, तर या कायद्याखाली लग्न करूनही त्यांचा वारसाहक्क हिंदू वारसा कायद्यानेच ठरेल. दाराची पाटी धर्मनिरपेक्ष, बिजागऱ्या मात्र धर्माच्या भिंतीत ठोकलेल्या. जो कायदा धर्मापासून सुटका म्हणून जन्मला, तोच धर्माधारित कायद्यांशी इतका जोडला गेला आहे की त्यात नव्यांना जागा नाही, असा हा उलटा फेरा.

मग मांडवाकडे पाहू. १९८७ साली मध्य प्रदेश पोलीस दलातील दोन स्त्री शिपायांनी देवळात, ब्राह्मणाकडून, एकमेकींशी लग्न लावून घेतले. नोकरी गेली. त्यांनी कोणत्याही चळवळीची पत्रके वाचली नव्हती. लग्न म्हणजे काय, हे त्यांना परंपरेनेच शिकवले होते आणि त्यांनी ते परंपरेकडूनच मागितले. रूथ वनिता यांनी 'लव्ह्ज राइट' (२००५) या ग्रंथात अशा अनेक लग्नांची, आणि त्यांच्या शेजारीच मुलींच्या जोडीने केलेल्या आत्महत्यांची, नोंद घेतली आहे. यांतील कितीतरी जणी छोट्या गावांतल्या होत्या, 'शहरी उच्चभ्रू' नव्हत्या. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर आलेले जोडपेही देवळातच विवाहबद्ध झाले होते. वधू पारलिंगी स्त्री म्हणून निबंधकाने नोंदणी नाकारली. न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातील 'वधू' या शब्दात तिचा समावेश होतो असे ठरवून नोंदणीचा आदेश दिला. एका शब्दाचा अर्थ रुंदावला आणि धर्माच्याच कायद्यातून वाट निघाली. समलिंगी जोडप्यांसाठी मात्र ती वाट अजून बंद आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे कायद्याचे कीस वाटेल. म्हणून एक आठवण. १९८१ साली रंगभूमीवर आलेले तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आपण वाचतो तेव्हा मित्राच्या आत्महत्येची चर्चा व्यक्तिरेखेच्या शोकात्म प्रकृतीच्या अंगाने करतो. पण मित्राला भविष्यकाळच उपलब्ध नाही, हे त्या नाटकातील भयाण वास्तव आहे. तिच्या नात्याला भाषेत शब्द नाही. मांडव, मंगलाष्टक, नातेवाइकांची हाक, यांतले काहीच नाही. मराठीत असे शब्द उच्चारण्याची किंमतही ठाऊक आहे. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पुढे हिंदू कोडासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस त्याआधी या प्रश्नासाठीही न्यायालयात उभा राहिला होता, हे आपण सहसा एका दमात सांगत नाही.

धर्म या वादात केवळ भिंत म्हणून उभा आहे असे मानणे म्हणूनच आम्हांला अपुरे वाटते. हिंदुबहुल नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. बौद्धबहुल थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून असे विवाह कायदेशीर आहेत. धर्मग्रंथ तेथे बदलले नाहीत. त्यांच्या नावाने बोलण्याचा मक्ता कोणाकडे, एवढेच बदलले. आपल्याकडे २०२४ साली केंद्र सरकारने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे, बँकेत संयुक्त खाते काढण्यास त्यांना आडकाठी नाही. म्हणजे धान्य एकत्र, पैसा एकत्र, चूल एक. नाते तेवढे निनावी.

१८७२ च्या प्रतिज्ञापत्रात माणसाला लिहून द्यावे लागे की मी कोणत्याच धर्माचा नाही. आजच्या जोडप्याकडून असे काही कोणी लिहून घेत नाही. परंतु देवळात गेले तर कायदा ते लग्न मानत नाही आणि निबंधकाकडे गेले तर दार त्यांच्यासाठी नाही. आदि ब्राह्मो समाजाने विचारलेला प्रश्न, मनासारखे लग्न करण्यासाठी माणसाने आपले घर का सोडावे, दीडशे वर्षांनंतरही उत्तराची वाट पाहतो आहे. फरक इतकाच की तेव्हा घर सोडणाऱ्याला निदान दुसरे दार तरी उघडे मिळे.