शिध्यातला साबण आणि नॉर्थमची माणसे

दोन शिलिंग चार पेन्स आणि सात शिलिंग. जॅक डेव्हिस यांच्या 'नो शुगर' या नाटकाच्या पहिल्याच अंकात ए. ओ. नेव्हिल नावाचा अधिकारी पर्थच्या सरकारी कचेरीत टंकलेखिकेला मजकूर सांगत असतो, त्यात हे दोन आकडे येतात. पहिला एका आदिवासी माणसाच्या आठवड्याच्या शिध्याचा खर्च. दुसरा बेकार गोऱ्या माणसाला आठवड्याला मिळणारा निर्वाहभत्ता. तेव्हा शिलिंग बारा पेन्सचे होते. हिशेब मांडला तर एकीकडे २८ पेन्स, दुसरीकडे ८४, बरोबर तिप्पट. खात्याचा खर्च कमी करायचा आहे आणि शिध्यातले मांस बंद केले तर ते साधेल, असे नेव्हिल सुचवतो. त्याचा आवाज चढत नाही. टंकलेखिका लिहून घेते आणि नाटक पुढे सरकते.

ऑस्ट्रेलियात हे नाटक अनेक शाळांमध्ये अभ्यासाला असते. १९२९ ते १९३४ या मंदीच्या वर्षांतले मिलिमुरा-मंडे हे नूंगार आदिवासी कुटुंब, नॉर्थम गावाबाहेरची त्यांची वस्ती, तिथून त्यांची झालेली उचलबांगडी आणि मूर रिव्हरच्या सरकारी वसाहतीतले दिवस, एवढी त्याची गोष्ट. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याच्यावर जे गुदरले ते काल्पनिक नाही. कायद्याची कलमे, चौकशी आयोगांचे अहवाल, वर्तमानपत्रे, खात्याच्या फायली आणि ॲना हेबिक यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्यावर केलेले काम शेजारी ठेवून नाटक वाचले की कोणता भाग कागदांवर उभा आहे आणि कोणता माणसांच्या आठवणींवर, हे बरेचसे वेगळे करता येते. ते वेगळे करायलाच हवे. 'सत्य घटनेवर आधारित' एवढे म्हणून मोकळे झालो, तर डेव्हिस यांनी नेमके काय साधले हे हातातून निसटते.

आधी कायदा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने १९०५ साली 'ॲबोरिजिन्स ॲक्ट' संमत केला. त्याच्या आठव्या कलमाने प्रत्येक आदिवासी आणि मिश्रवंशीय मुलाचे सोळा वर्षांपर्यंतचे कायदेशीर पालकत्व 'मुख्य संरक्षक' या अधिकाऱ्याकडे गेले. आई जिवंत असो, बाप कमावता असो, पालक हा अधिकारी. बाराव्या कलमाने कोणत्याही आदिवासी माणसाला मंत्र्याच्या हुकमाने राखीव जागेत हलवता येई आणि तिथेच ठेवता येई. त्यासाठी गुन्हा, खटला, शिक्षा, कशाचीच गरज नव्हती. आदिवासी स्त्रीला आदिवासी नसलेल्या पुरुषाशी लग्न करायचे तर मुख्य संरक्षकाची लेखी परवानगी लागे. १९१५ पासून हे पद नेव्हिल यांच्याकडे होते. इंग्लंडमध्ये १८७५ साली जन्मलेले, पश्चिम ऑस्ट्रेलियात येऊन सरकारी नोकरीत वर चढलेले, टापटीप आणि कष्टाळू गृहस्थ. पुढे पदाचे नाव बदलले तरी १९४० मध्ये निवृत्त होईपर्यंत आदिवासींचा कारभार त्यांच्याच हाती राहिला. पत्राला उत्तर, उत्तराची नोंद, नोंदीची फाईल, हे त्यांच्या खात्यात काटेकोरपणे होई. मूर रिव्हरमधल्या माणसांनी मुलांना भेटू द्या, घरी जाऊ द्या म्हणून केलेले अर्ज त्या फायलींत आहेत आणि त्यांवर दिलेले नकारही. आज त्या खात्यावरचा सगळ्यात बोलका पुरावा खात्यानेच जपून ठेवलेला आहे.

आता नॉर्थम. पर्थच्या ईशान्येला सुमारे शंभर किलोमीटरवर, एव्हन नदीच्या काठी गव्हाच्या मुलुखातले हे बाजारगाव. हंगामात नूंगार माणसे आसपासच्या शेतांवर राबत आणि एरवी गावाबाहेर राहत. मंदी आली, गव्हाचा भाव पडला, तशी शेतावरची कामे गोऱ्या बेकारांनाही पुरेनात. गोऱ्यांसाठीच्या मदतयोजनेत आदिवासींना सहसा जागा नव्हती. त्यांना खात्याच्या शिध्याकडे बोट दाखवले जाई. म्हणजे ज्या माणसांचा रोजगार सगळ्यांत आधी गेला, त्यांच्या वाट्याला सगळ्यांत कमी मदत आली. मिलिमुरा कुटुंब शिधा घ्यायला पोलीस ठाण्यावर जाते तो प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. मिली आणि आजी रांगेत आहेत, सार्जंट कॅरल वस्तू मोजून देतो आणि साबण यापुढे मिळणार नाही असे सांगतो. मिली तिथल्या तिथे भांडते. ठाण्याच्या नोंदवहीत असल्या भांडणाला फार तर एक ओळ मिळाली असती. रंगमंचावर त्याला पूर्ण प्रसंग मिळाला आहे, आणि तो कशासाठी हे पुढच्या अंकात कळते.

जानेवारी १९३३ मध्ये नॉर्थमच्या सुमारे ९० आदिवासींना पोलिसांनी गोळा केले आणि मूर रिव्हरला पाठवले. सांगितलेले कारण होते खरूज. नाटकात तिथे पोचल्यावर मेट्रन सगळ्यांना तपासते आणि हे कारण पोकळ निघते. आधी साबण तोडला, मग कातडीचा रोग आहे म्हणून गाव सोडायला लावले. डेव्हिस यांनी हे दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवले आहेत आणि त्यावर एकाही पात्राच्या तोंडून भाष्य करवलेले नाही.

मग खरे कारण काय? नाटकातला जिमी मंडे सरळ बोट दाखवतो: निवडणूक. इथे मात्र सावधपणे पाऊल टाकायला हवे. निर्विवाद आहे ते एवढे. राज्याचे प्रीमियर जेम्स मिचेल हे १९०५ पासून नॉर्थमचेच आमदार होते. निवडणूक एप्रिल १९३३ मध्ये होती, उचलबांगडी जानेवारीत झाली. आदिवासी वस्ती नजरेआड व्हावी असा गावातल्या गोऱ्या रहिवाशांचा तगादा होता. मतदार तेच होते. नूंगारांना मत नव्हते. आणि असे स्थलांतर मिचेल यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच झाले असेही नाही: त्यांच्या आधीच्या प्रीमियरपदाच्या काळात, १९२२ मध्ये, दक्षिणेकडची कॅरोलप ही वसाहत बंद झाली तेव्हा तिथल्या माणसांनाही मूर रिव्हरलाच नेण्यात आले होते. तारखांचा हा क्रम बोलका आहे, पण क्रम म्हणजे हुकूम नव्हे. मतांसाठी हे करा असे प्रीमियरनी लिहून दिले होते, हे या क्रमावरून सिद्ध होत नाही. मला वाटते, डेव्हिस यांनी हा आरोप जिमीच्या तोंडी घातला तो यासाठीच. ज्याला रातोरात हलवले, त्याला आपल्याला का हलवले याचा अंदाज बांधण्याचा अधिकार आहे, आणि तो अंदाज त्या वेळच्या नूंगार माणसांनी बांधला असणार.

८ एप्रिल १९३३ ला मतदान झाले. त्याच दिवशी पश्चिम ऑस्ट्रेलियाने देशातून फुटून निघावे की नाही यावर सार्वमतही होते, आणि सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी फुटण्याच्या बाजूने कौल दिला. पण मिचेल यांचे सरकार पडले आणि अठ्ठावीस वर्षे राखलेली नॉर्थमची जागाही त्यांनी गमावली. ती लेबर पक्षाच्या अल्बर्ट हॉक यांनी जिंकली. नूंगार कुटुंबे मूर रिव्हरलाच होती.

मूर रिव्हरची वसाहत १९१८ मध्ये मोगंबरजवळ, पर्थच्या उत्तरेला सुमारे १३५ किलोमीटरवर सुरू झाली. सुमारे दोनशे माणसांसाठीची ही जागा १९३० च्या दशकात पाचशेच्या आसपास माणसांनी भरली होती. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून कुलूपबंद निवासांत झोपवत. 'रॅबिट-प्रूफ फेन्स' हा चित्रपट पाहिलेल्यांना ही जागा ओळखीची वाटेल. १९३१ मध्ये तीन मुली कुंपणाच्या कडेने उत्तरेकडे निघाल्या त्या इथूनच. पळून जाऊन सापडलेल्यांना 'बूब' नावाच्या कोठडीत डांबत. १९३४ मध्ये न्यायदंडाधिकारी एच. डी. मोझली यांच्या आयोगाने राज्यभर साक्षी घेतल्या आणि या वसाहतीवरही कठोर शेरे मारले. कोठडीची शिक्षा रानटी आहे आणि ती कोठडी पाडून टाकावी, असे मोझली यांचे मत होते. हा काही आदिवासींचा कैवार घेणारा आयोग नव्हता. मुख्य संरक्षकाचे अधिकार कमी करा असे त्याने म्हटले नाही, उलट त्याच्या अहवालानंतर ते वाढले. म्हणून त्याची साक्ष अधिक वजनदार ठरते. नाटकातला अधीक्षक नील वसाहतीतल्या मेरी या गरोदर तरुणीला चाबकाने मारतो, तो प्रसंग भडक आहे अशी शंका येऊ शकते. आयोगाचा अहवाल शेजारी ठेवला की शंकेला फारशी जागा उरत नाही.

मात्र कागदांनी जे दिले नसते तेही नाटकात पुष्कळ आहे. जॅक डेव्हिस १९१७ मध्ये पर्थमध्ये जन्मले आणि यार्लूपच्या लाकूडवखारींच्या गावात वाढले. किशोरवयात भावासोबत त्यांना मूर रिव्हरला पाठवले गेले. शेतीकाम शिकवू असे आश्वासन होते. तिथे ते काही महिने राहिले. वसाहतीतली मुले रविवारच्या ख्रिस्ती भजनाच्या चालीवर स्वतःचे विडंबन गात, चहात साखर नाही, लोणी दिसत नाही असे. नाटकाचे नाव तिथून आले आहे. नेव्हिलच्या फायलीत साखर ही खर्चाची बाब आहे. त्या गाण्यात ती मुलांची तक्रार आहे, आणि ती तक्रार साहेबांसमोर, देवाच्या चालीत, हसत गायची होती. नाटकात १९३४ च्या ऑस्ट्रेलिया दिनाला नेव्हिल वसाहतीत भाषण करायला येतो तेव्हा मूळ भजन बाजूला पडते आणि विडंबन सुरू होते. त्याच गोंधळात जिमी मंडे नेव्हिलला जाब विचारत कोसळतो आणि मरतो.

आणखी एक जागा अशीच. बिली किंबर्ली हा वसाहतीतला पोलिसांचा वाटाड्या; पळालेल्यांना शोधून आणणे हे त्याचे काम. एका रात्री शेकोटीभोवती तो उंबुलगुरीची हकीकत सांगतो: गोऱ्यांनी बायकापोरांसकट माणसे मारली आणि जाळली. याचा कागद आहे. उत्तरेतल्या फॉरेस्ट रिव्हर भागात १९२६ मध्ये झालेल्या या हत्यांवर जी. टी. वुड यांचा आयोग बसला, आणि १९२७ च्या अहवालात पोलिसांच्या तुकडीच्या ताब्यातल्या अकरा जणांचा खून करून प्रेते जाळण्यात आली असा निष्कर्ष आला. दोन शिपायांवर आरोप ठेवले गेले, पण पुरावा अपुरा म्हणून खटला पुढे गेलाच नाही. बिलीच्या तोंडी मेलेल्यांची संख्या येत नाही. त्याच्या सांगण्यात त्याची माणसे येतात. ज्याच्या हातात वसाहतीचा चाबूक आहे त्याच माणसाला डेव्हिस यांनी हे सांगायला लावले. कोणत्याही आयोगाच्या अहवालात बिलीची ही दुहेरी अवस्था मावली नसती.

प्रयोगही गोष्टीतल्या स्थलांतरासारखाच बेतला होता. फेब्रुवारी १९८५ मध्ये पर्थ महोत्सवात अँड्र्यू रॉस यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पहिल्यांदा झाले तेव्हा प्रेक्षकांना खुर्चीत बसू दिले नव्हते. जागा बदलली की त्यांनी नटांमागे चालत जायचे. पोलीस ठाणे, कचेरी, वस्ती, वसाहत. ज्या शहरातून हे हुकूम सुटले त्याच शहरातले प्रेक्षक हुकमाबरोबर इकडून तिकडे हलत होते. पुढच्याच वर्षी नाटक कॅनडात व्हँकूव्हरला गेले.

नाटकाच्या शेवटी मिलिमुरा कुटुंबातला ज्यो आणि मेरी आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन मूर रिव्हर सोडतात. नील त्यांना जाऊ देतो, पण आधी एका कागदावर ज्योची सही घेतो: नॉर्थमला परत पाऊल ठेवणार नाही. ज्यो सही करतो. इथे नाटक थांबते, कायदा थांबला नाही. १९३६ च्या दुरुस्तीने पालकत्वाची मर्यादा सोळावरून एकवीस वर्षांवर नेली. म्हणजे ज्यो-मेरीसारख्यांची मुले आणखी पाच वर्षे खात्याची. एप्रिल १९३७ मध्ये कॅनबेराला झालेल्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत नेव्हिल यांनी मिश्रवंशीयांना गोऱ्या समाजात विरघळवून टाकण्याचे धोरण पुढे रेटले आणि परिषदेने तसा ठरावही केला. मूर रिव्हरची सरकारी वसाहत १९५१ पर्यंत चालली. पर्थ शहरात परवान्यावाचून आदिवासींना येऊ न देणारी १९२७ ची घोषणा रद्द झाली ती १९५४ मध्ये. त्याच वर्षी नेव्हिल वारले, आणि राज्याचे प्रीमियर तेव्हा नॉर्थमचे अल्बर्ट हॉक होते. ज्या कलमांच्या जोरावर नॉर्थमची माणसे हलवली गेली तो १९०५ चा कायदा त्यानंतरही नऊ वर्षे पुस्तकात राहिला. १९६३ मध्ये तो रद्द झाला तेव्हा जॅक डेव्हिस शेहेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांचे पहिले पुस्तक यायला अजून सात वर्षे होती.