शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणं: सुट्टीत नेमकं काय शिकवतात आणि ते वर्गापर्यंत पोहोचतं का?

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिक्षकही मोकळे, असा अनेकांचा समज असतो. पण २ ते १२ जून २०२५ या काळात राज्यातले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतःच विद्यार्थी होऊन बसले होते. सकाळी हजेरी, दिवसभर तासिका, मग स्वाध्याय आणि शेवटी चाचणी. विदर्भातल्या शाळा त्या वर्षी २३ जूनला उघडणार होत्या. म्हणजे तिथल्या शिक्षकांसाठी हे दिवस ऐन सुट्टीतले आणि ऐन उन्हातले होते.

ही प्रशिक्षणं कशासाठी असतात? ती उन्हाळ्यातच का घेतात? आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावसारख्या तालुक्यात, एखाद्या तांड्यावरच्या दोन शिक्षकांच्या शाळेत त्यामुळे काही बदलतं का? समजून घेऊया.

एक नव्हे, दोन वेगळी प्रशिक्षणं

‘शिक्षकांचं प्रशिक्षण’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. त्यांची गल्लत झाली की पुढचं काहीच नीट कळत नाही.

पहिलं प्रशिक्षण वेतनश्रेणीचं. महाराष्ट्रात १२ वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर शिक्षकाला वरिष्ठ वेतनश्रेणी मिळू शकते, तर २४ वर्षांनंतर निवडश्रेणी. निवडश्रेणीला शैक्षणिक पात्रतेची अट आहे आणि ती वरिष्ठ श्रेणीतल्या २० टक्के पदांपुरतीच मर्यादित आहे. जुने शिक्षक यातल्या वरिष्ठ श्रेणीला अजूनही ‘चट्टोपाध्याय’ म्हणतात. १९८३ साली प्रा. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगावरून हे नाव रुळलं.

ही श्रेणी आपोआप मिळत नाही. त्यासाठी पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं, म्हणजे एससीईआरटीचं, प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. शिक्षकांना यासाठी प्रत्येकी २,००० रुपये शुल्कही भरावं लागलं आहे. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण इन्फोसिस स्प्रिंगबोर्डवर ऑनलाइन झालं होतं, २०२५ मध्ये ते पुन्हा प्रत्यक्ष घेण्यात आलं.

दुसरं प्रशिक्षण शिकवण्याचं. नवा अभ्यासक्रम, नवी पाठ्यपुस्तकं, मूल्यमापनाच्या नव्या पद्धती, पायाभूत वाचन आणि गणित हे त्याचे विषय. याचा पगाराशी थेट संबंध नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ कार्यक्रम आणि ‘दीक्षा’ पोर्टलवरचे अभ्यासक्रम याच प्रकारात मोडतात.

पहिल्यात शिक्षकाचं आर्थिक हित असतं. त्यामुळे ‘माझं नाव यादीत आलं का’ ही धडपड तिथे दिसते. दुसऱ्यात हित मुलांचं असतं. पण हजेरी लागली आणि प्रमाणपत्र मिळालं की दोन्हींची नोंद सारखीच होते. अडचण इथूनच सुरू होते.

उन्हाळ्यातच का?

याचं उत्तर महागाव तालुक्याच्या नकाशात सापडतं. नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं महागाव हे तालुक्याचं गाव. फुलसावंगी, गुंज, हिवरा संगम, काळी दौलतखान अशी मोठी गावं सोडली, तर तालुक्यात लहान वस्त्या आणि बंजारा तांडे पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा बहुतेकदा छोटी असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० पर्यंत विद्यार्थी असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एकाच शिक्षकाकडे एका वेळी दोन-तीन इयत्ता.

आता शाळा चालू असताना पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं असं समजा. दोघांपैकी एक शिक्षक गेला तर उरलेल्या एकावर सगळे वर्ग येतात. दोघेही गेले तर शाळाच बंद पडते. शहरातल्या मोठ्या शाळेत एखाद्या शिक्षकाची गैरहजेरी निभावून नेता येते, तांड्यावर येत नाही. म्हणून सुट्टीतलं प्रशिक्षण मुलांच्या दृष्टीने सोयीचं ठरतं.

ही कल्पना नवीनही नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर शिक्षकांच्या सामूहिक उद्बोधनाचा कार्यक्रम राबवला गेला. सुट्टीत दहा दिवसांची शिबिरं आणि दरवर्षी सुमारे पाच लाख शिक्षक, असं त्याचं उद्दिष्ट होतं. पुढे २००१ पासून सर्व शिक्षा अभियानात तालुक्याला गट साधन केंद्र आणि त्याखाली केंद्रस्तर अशी रचना उभी राहिली. आजही प्रशिक्षणं याच रचनेतून होतात.

विदर्भात मात्र उन्हाळ्याचा हिशेब वेगळा आहे. मे महिन्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो. म्हणूनच इथल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये इतरत्र १६ जूनला घंटा वाजली, विदर्भात २३ जूनला, तीही पहिल्या आठवड्यात फक्त सकाळच्या सत्रात. जी उष्णता मुलांना शाळेत बसू देत नाही, तिच्यातच शिक्षकांना प्रशिक्षणाला बसवलं जातं, ही तक्रार त्यामुळे अगदीच गैर म्हणता येत नाही.

सुट्टी गेली, बदल्यात काय?

शिक्षक हे सेवा नियमांच्या भाषेत ‘दीर्घ सुट्टी विभागातले’ कर्मचारी. उन्हाळा आणि दिवाळीची सुट्टी मिळते म्हणून त्यांना इतर कर्मचाऱ्यांएवढी अर्जित रजा मिळत नाही. पण सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने सुट्टीत काम करावं लागलं आणि सुट्टीचा लाभ घेता आला नाही, तर त्या प्रमाणात अर्जित रजा देण्याची तरतूद नियमांत आहे. त्यासाठी लेखी आदेश, हजेरीचा दाखला आणि सेवापुस्तकातली नोंद या तीन गोष्टी लागतात. यातला एखादा कागद राहून गेला तर वर्षांनंतर तो दिवस सिद्ध करणं अवघड होतं.

सुट्टीवर इतर कामांचाही दावा असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांशिवाय अन्य अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण ही तीन कामंही छोटी नाहीत. जनगणना २०२७ च्या घरयादीचा टप्पा देशभर एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात ठरवलेला आहे.

पुण्याहून तांड्यापर्यंत

राज्यातल्या लाखो शिक्षकांना एकाच वेळी शिकवणं शक्य नसतं. म्हणून प्रशिक्षण पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतं. एससीईआरटी राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार करते. ते जिल्ह्यातल्या सुलभकांना शिकवतात. यवतमाळमध्ये हे काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’, बघते. जिल्ह्याचे सुलभक तालुक्याला येतात, महागावच्या पातळीवर गट साधन केंद्र व्यवस्था लावतं आणि तिथून शिक्षक आपापल्या शाळेत परततात.

यात खर्च वाचतो आणि काम लवकर होतं. पण प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं. राज्यस्तरावर प्रत्यक्ष करून दाखवलेली कृती जिल्ह्यात चर्चा होते आणि तालुक्यात पडद्यावरची स्लाइड. शिवाय वरून आलेलं उदाहरण बहुधा एका इयत्तेला एक शिक्षक असलेल्या वर्गाचं असतं. तीन इयत्ता एका खोलीत बसवणाऱ्या शिक्षकाला ते जसंच्या तसं वापरता येत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. भाकरीला ‘बाटी’ म्हणणारं हे मूल पहिलीत आलं की मराठी पाठ्यपुस्तकाला सामोरं जातं. त्याला वाचता येत नाही की मराठी समजत नाही, हा फरक ओळखणं हे त्या शिक्षकाचं रोजचं काम. राज्यभरासाठी एकच ठेवलेल्या घटकसंचात अशा वर्गाला मिळणारी जागा थोडी असते.

मग प्रशिक्षणाचा उपयोग होतो का?

होतो, पण नुसत्या प्रशिक्षणाचा फारसा नाही. याबाबत भारतातच झालेला एक अभ्यास उपयोगी आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या वाचन-गणित पद्धतीवर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत प्रयोग केले. मुलांना इयत्तेनुसार नव्हे, तर त्यांना काय येतं त्यानुसार गटांत बसवायचं, ही या पद्धतीची मूळ कल्पना.

बिहारमध्ये २००८ साली सरकारी शिक्षकांनीच महिनाभराच्या उन्हाळी शिबिरात ही पद्धत वापरली, तेव्हा मुलांचं वाचन सुधारलं. पण शाळेच्या वर्षात शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिलं गेलं, तिथे फरक दिसला नाही. पद्धत तीच होती आणि शिकवणारेही सरकारी शिक्षकच. वर्ष सुरू झालं की अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत नवी पद्धत बाजूला पडत होती.

हरियाणात २०१२-१३ मध्ये रचना बदलली. वेळापत्रकात रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला आणि गट पातळीवरच्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः शिकवायला लावून मग शाळाभेटींची जबाबदारी दिली. तिथे मुलांच्या भाषेत सुधारणा झाली.

महागावसाठी याचा अर्थ सरळ आहे. मे-जूनमधल्या दिवसांचं फळ जुलै-ऑगस्टमध्ये ठरतं. केंद्रप्रमुख किंवा साधनव्यक्ती शाळेत येऊन वर्ग बघतात की फक्त माहितीचे तक्ते गोळा करतात? दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत ‘हे आमच्या शाळेत जमलं नाही’ असं शिक्षक मोकळेपणाने सांगू शकतात का? वेळापत्रकात नव्या पद्धतीला जागा आहे का? उत्तरं ‘नाही’ असतील, तर प्रशिक्षण प्रमाणपत्रापुरतंच उरतं.

टीईटी आणि प्रशिक्षण एकच का?

नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांबाबतही शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आलं. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नतीसाठी परीक्षा लागेलच. उन्हाळी प्रशिक्षणाचं कोणतंही प्रमाणपत्र या परीक्षेला पर्याय ठरत नाही.

पालक काय विचारू शकतात?

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्यानुसार तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा उघडल्यावरच्या पहिल्या बैठकीत तीन साधे प्रश्न विचारता येतात. आमच्या शाळेतले कोण, कोणत्या प्रशिक्षणाला गेले होते? त्यातली कोणती गोष्ट यंदा वर्गात होणार आहे? आणि ती होतेय का, हे बघायला कोण, कधी येणार आहे?

हे प्रश्न शिक्षकांना अडचणीत आणण्यासाठी नाहीत. ४४ अंशांच्या उन्हात दहा दिवस बसून जे शिकलं, ते वापरायला वेळ आणि पाठबळ मिळावं, ही मागणी शिक्षकाचीही असते. पालकांनी विचारलं तर ती बैठकीच्या इतिवृत्तात येते, आणि तिथून वर केंद्रापर्यंत, तालुक्यापर्यंत नेता येते.