उसनी रीत, स्वतःचे नाव

श्रोतेहो, वाइनवर भाषण म्हटले की काहींच्या भुवया वर जातील. म्हणून आधीच सांगतो, आजचा विषय पिण्याचा नाही. तो द्राक्षाच्या पिकाचा, कारागिरीचा आणि इटलीतल्या शेतकऱ्यांनी कमावलेल्या नावाचा आहे.

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली फेसाळ वाइन जगभर गाजलेली. तिची रीत मोठी चिकाटीची. तयार वाइन बाटलीत भरायची, तीत थोडी साखर आणि यीस्ट घालून तोंड घट्ट बंद करायचे. आपले पीठ आंबून फुगते ना, तसाच वायू तिथेही तयार होतो. पण कोंडलेला असल्यामुळे तो वाइनमध्येच मुरतो. बाटल्या तळघरात महिनोन्‌महिने आडव्या पडून असतात. पुढे त्या तोंड खाली करून तिरप्या ठेवायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. गाळ तोंडाशी उतरला की तेवढाच भाग गोठवून झाकण उघडायचे. आतल्या दाबाने गाळ उडून जातो. मग बाटली पुन्हा भरून बूच बसवायचे.

ही विद्या इटलीत प्रथम आणली कार्लो गान्चा यांनी. पिडमाँट प्रांतातल्या कानेल्ली गावी त्यांनी 1865 साली मोस्कातो जातीच्या द्राक्षांपासून फेसाळ वाइन तयार केली. त्या गावाखाली खोदलेली लांबच लांब तळघरे आजही आहेत. 2014 साली युनेस्कोने त्या द्राक्षभूमीला जागतिक वारशात स्थान दिले.

दुसरे नाव जूलिओ फेर्रारी यांचे. आल्प्सच्या कुशीतले त्रेंतो शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. जवळच सान मिकेले इथे 1874 साली शेतकी शाळा निघाली होती. फेर्रारी तिथे शिकले, फ्रान्समध्ये जाऊन काम पाहून आले आणि 1902 साली त्यांनी आपला छोटा कारखाना काढला. फ्रान्सची शारदोने द्राक्षे त्यांनी आपल्या डोंगरउतारावर रुजवली. त्यांना मूलबाळ नव्हते. 1952 साली त्यांनी कारखाना ब्रूनो लुनेल्ली या त्रेंतोच्या वाइन व्यापाऱ्याच्या हाती सोपवला. शिक्षकमंडळींनी ध्यानात घ्यावे, की या साऱ्याच्या मुळाशी एक शेतकी शाळा आहे.

तिसरी कथा फ्रांचाकोर्ता या भागाची. ब्रेशिया शहराजवळ, इझेओ सरोवराच्या दक्षिणेला या टेकड्या आहेत. प्राचीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांची ही जमीन. ब्रेशियाचे वैद्य जिरोलामो कॉन्फोर्ती यांनी 1570 साली जिभेला झोंबणाऱ्या वाइनवर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली, एवढी इथली आवड जुनी! पण आजचे वैभव मात्र अलीकडचे आहे. ग्वीदो बेरलुक्की या जमीनदारांना आपली पांढरी वाइन सुधारायची होती. 1955 साली त्यांनी फ्रांको झिलियानी या तरुण तज्ज्ञाला बोलावले. झिलियानींनी उलट सुचवले, की फ्रेंच रीतीने फेसाळ वाइनच करून पाहू या. पहिले प्रयत्न फसले, तरी दोघे मागे हटले नाहीत. 1961 साली तीन हजार बाटल्या जमल्या आणि शेजारीपाजारीही त्या वाटेने निघाले.

आता नावाचे पाहा. पूर्वी इटलीत अशा बाटल्यांवर शॅम्पेनचे नाव सर्रास घालीत. पण ते नाव एका भूमीचे. ती रीत दुसरीकडे वापरली तरी ‘शॅम्पेनची पद्धत’ असे लिहिण्यास युरोपात 1994 पासून मनाई झाली. इटलीच्या लोकांनी ‘मेतोदो क्लासिको’, म्हणजे पारंपरिक पद्धत, हा शब्द घेतला आणि पुढे आणले ते आपापल्या भूमीचे नाव. त्रेंतोला 1993 साली कायद्याचे संरक्षण मिळाले. फ्रांचाकोर्ताला 1967 साली पहिली मान्यता आणि 1995 साली सर्वोच्च दर्जा मिळाला. पण अट कडक. फ्रांचाकोर्ताची वाइन निदान अठरा महिने बाटलीत गाळावर मुरलीच पाहिजे, द्राक्षे त्याच भागातली पाहिजेत. घाई करणाऱ्याला ते नाव लावता येत नाही.

रीत परक्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. इटलीचे लोक ती शिकले, आपल्या मातीत रुजवली आणि तिला कडक नियमांची शिस्त लावली. म्हणूनच आज फ्रांचाकोर्ताच्या बाटलीवर त्या टेकड्यांचे नाव पुरते. शॅम्पेनचे नाव उसने घ्यावे लागत नाही.